काउबॉयचे बूट शिवणारे हात

“पायातली वहाण पायातच बरी” ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती वापरणाऱ्याच्या मनात वहाण नसते, माणूस असतो. आणि ती वहाण शिवणारा तर त्याच्या हिशेबी म्हणीत उल्लेख करण्याच्याही लायकीचा नसतो. आमचे उभे आयुष्य कामगारांच्या सभांत, संपांत आणि वाटाघाटींत गेले. जे थोडेबहुत वाचन झाले ते शाळेबाहेर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्या वाचनात एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. जगातील राजेरजवाड्यांचा इतिहास त्यांच्या मुकुटावरून लिहिला गेला. पण कष्टकऱ्यांचा इतिहास लिहायचा झाला तर तो पायापासून सुरू करावा लागतो. म्हणून या व्यासपीठावर आम्ही एका जोडाची हकिगत सांगणार आहोत.

हा जोड अमेरिकेतला आहे. चित्रपटांमुळे तो तुम्हा सर्वांच्या परिचयाचा आहे. उंच नळ्याचा, निमुळत्या चवड्याचा, तिरप्या टाचेचा, अंगावर रंगीत टाक्यांची वेलबुट्टी असलेला काउबॉयचा बूट पडद्यावर कोणी पाहिला नाही? घोडा पाहिला, पिस्तूल पाहिले, बूटही पाहिला. परंतु तो बूट कोणी शिवला, कोणत्या हत्यारांनी शिवला, शिवणाऱ्याला काय मिळाले आणि आपल्या धंदेबंधूंशी त्याचे नाते कसे होते, हे कोणी विचारले नाही. ते आज विचारायचे आहे.

प्रथम, असा बूट मुळात लागला कशाला ते पाहू. अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 साली संपले. टेक्सासच्या माळरानावर लाखो गुरे मोकाट वाढलेली होती. तिथे एका बैलाला चार डॉलर मिळण्याची मारामार, तर उत्तरेकडच्या शहरांत त्याच बैलाचे चाळीस डॉलर होत. मधे रेल्वे नव्हती. 1867 साली कॅन्ससमधील ॲबिलीन या ठिकाणी लोहमार्गाच्या कडेला गुरांचा बाजार उभा राहिला आणि टेक्सासातून तिथपर्यंत गुरे पायी हाकीत नेण्याचा धंदा भरभराटीस आला. सातआठशे मैलांची वाट, दोनतीन महिन्यांचा प्रवास, आणि दिवसाचे चौदा-सोळा तास खोगिरावर. वीसएक वर्षांत सुमारे 50 लाख गुरे अशी उत्तरेस गेली असे सांगतात. ती हाकणारे ते काउबॉय. हा गडी चित्रपटात दिसतो तसा नेहमी गोरा नसे. त्यांत मेक्सिकन वाकेरो होते, गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले काळे मजूर होते, आणि युद्धात सर्वस्व गमावलेले गोरे तरुणही होते. पगार महिना पंचवीस ते चाळीस डॉलर. खोगीर आणि बूट त्याचे स्वतःचे.

आता या माणसाची गरज पाहा. रिकिबीत पाय चटकन सरकला पाहिजे, म्हणून चवडा निमुळता. पण पाय पलीकडे निसटता कामा नये. निसटला आणि घोडा उधळला तर स्वार फरफटत जाऊन मरतो. म्हणून टाच उंच आणि आत कललेली. काटेरी झुडपांनी आणि खोगिराच्या चामड्याने पोटऱ्या सोलून निघू नयेत म्हणून नळा उंच. बंद बांधायचे नाहीत, कारण पाय अडकलाच तर बूट पायातून निसटून यावा आणि माणूस वाचावा. आणि ती वेलबुट्टी? ती तर निव्वळ हौस असेल असे आपणास वाटते. परंतु मूळ गोष्ट अशी की दुहेरी चामड्यावर टाक्यांच्या ओळी घातल्या म्हणजे नळा ताठ राहतो, घोट्यावर ढासळत नाही. पुढे कारागिराने त्या गरजेचे फूल केले. हीच सगळ्या हस्तकलेची रीत आहे: आधी उपयोग, मग त्या उपयोगालाच आलेली शोभा.

या बुटाचा जन्म अमुक दिवशी अमुक घरी झाला असे सांगता येत नाही. इंग्रजांचा वेलिंग्टन बूट, घोडदळाचा बूट आणि मेक्सिकन स्वारांची रीत यांचा तो मेळ आहे. कॅन्ससमधील ओलेथ गावी चार्ल्स हायर नावाचा कारागीर होता. तो तेथील मूकबधिरांच्या शाळेत मुलांना जोडे शिवण्याचे काम शिकवी. 1875 च्या सुमारास एक काउबॉय त्याच्या दुकानात आला आणि त्याने निमुळता चवडा, तिरपी टाच आणि पुढेमागे खाली उतरत्या कडेचा नळा अशी मागणी केली, अशी कथा त्या घराण्यात सांगत. दुसरा कारागीर एच. जे. जस्टिन. हा इंडियानातून निघाला आणि 1879 साली टेक्सासच्या सीमेवर, रेड नदीकाठच्या स्पॅनिश फोर्ट या वस्तीत येऊन बसला. गुरांचे कळप उत्तरेकडे जाताना तिथूनच नदी ओलांडीत. जाताना गडी पायाचे माप देत आणि कळप विकून परत येताना जोड घेऊन जात. तिसरे लुकेझी बंधू. हे सिसिलीचे; 1882 साली अमेरिकेत उतरले आणि 1883 साली सॅन अँटोनियोत दुकान घालून लष्करी अधिकाऱ्यांचे बूट शिवू लागले. इटालियन, मेक्सिकन, जर्मन, अमेरिकन अशा सर्व जातींचे हात या एका जोडाला लागले आहेत.

जस्टिनची हकिगत थोडी पुढे नेण्याजोगी आहे. रेल्वे आली आणि नदीकाठची वस्ती ओस पडू लागली, तेव्हा 1889 साली त्याने आपले बिऱ्हाड नोकोना या रेल्वेच्या गावी हलविले. गिऱ्हाईक दोनचारशे मैलांवर पसरलेले. माप कसे घ्यायचे? त्याने घरच्या घरी माप घेण्याचे साहित्य टपालाने पाठविण्याची युक्ती काढली. काउबॉयने आपल्या पावलाची आकृती कागदावर काढायची, पंजा, कमान, टाच, घोटा आणि पोटरी यांचे घेर फितीने मोजून लिहायचे, आणि ते पाकीट परत धाडायचे. 1910 च्या सुमारास त्याचे बूट सव्वीस राज्यांत जोडास अकरा डॉलर दराने जात होते. 1918 साली तो वारला. 1925 साली मुलांनी कारखाना फोर्ट वर्थ या मोठ्या शहरात नेला. परंतु त्याची मुलगी ईनिड लहानपणापासून दुकानात बसून शिवणकाम शिकलेली होती. तिने नोकोना सोडण्यास नकार दिला. ज्या गावाने आपल्याला वाढविले तेथील कारागिरांना उघड्यावर टाकायचे नाही असे म्हणून तिने कर्ज काढले आणि त्याच गावी स्वतःचा कारखाना घातला. बाई बूट काय शिवणार, असे म्हणणाऱ्या काळात तिने तो अर्धशतकाहून अधिक काळ चालविला.

आता आपण दुकानाच्या आत जाऊ. या कामातील मुख्य वस्तू म्हणजे फर्मा, अर्थात लाकडाचे पाऊल. गिऱ्हाइकाचे माप आले की जवळच्या मापाचा फर्मा घ्यायचा आणि जिथे त्याचे पाऊल जाड, कुरूप झालेले किंवा मोडून जुळलेले असेल तिथे चामड्याचे तुकडे चिकटवून, कानसून, तो फर्मा त्याच माणसाचा करायचा. मग त्यावर नाव घालून तो फडताळावर ठेवायचा. जुन्या दुकानात गेल्यास भिंतभर अशी पावले टांगलेली दिसतात. त्यांतली कित्येक मालकांमागे उरलेली असतात. चामडे तोडायला आणि तासायला धारेच्या सुऱ्या, आपल्याकडे रांपी करते तेच काम त्या करतात. चामडे ओढायला चिमटा, भोके पाडायला आरी, ठोकायला पसरट तोंडाची हातोडी, कडा घोटायला तापवलेली लोखंडे आणि हाड, आणि शेवटचा तळ खरवडून गुळगुळीत करायला काचेचा तुकडा. एवढ्यावर काम चालते.

कामाचा क्रम असा. पंजावरचे चामडे भिजवून लाकडी फळीवर ताणून त्यास पावलाचा बाक द्यायचा. नळ्याचे तुकडे बेतून त्यांवर वेलबुट्टी शिवायची. येथे पायाने चालणारे शिवणयंत्र कामी येते. मग वरचा भाग आणि आतला तळ फर्म्यावर चढवून चिमट्याने कणाकणाने ओढीत बसवायचा. ही बैठक हा या विद्येचा गाभा होय. ओढ कमी पडली तर चुणी राहते, अधिक झाली तर चामडे फाटते. आणि किती ओढायचे हे बोटांखेरीज कोणी सांगू शकत नाही. नंतर राळ-मेण चोळलेल्या तागाच्या दोऱ्याने, दोन्ही टोकांना डुकराचे राठ केस सुईसारखे बांधून, आतला तळ, वरचे चामडे आणि पट्टी यांचा एकत्र टाका घालायचा. कमानीखाली पोलादाची पट्टी. जुने कारागीर मोठा खिळा ठोकून चपटा करीत आणि तोच वापरीत. कमानीला लाकडी चुका, कारण लाकूड ओल्याने चामड्याबरोबर फुगते आणि सुकल्यावर त्याबरोबरच आकसते, लोखंड गंजते. शेवटी चामड्याच्या चकत्या एकीवर एक रचून टाच. एकट्याने सारे केले तर आठवड्यास एक-दोन जोड, यापेक्षा जास्त निघत नाहीत. मोठ्या दुकानांत कामाची वाटणी असे: नळे शिवणारा वेगळा, तळ बसविणारा वेगळा. आणि बहुधा सर्वांत कष्टाचे तळाचे काम मेक्सिकन कारागिरांकडे असे.

इथे तुम्ही म्हणाल, ही तर जगातील कोणत्याही मोच्याची कथा झाली; यात इतिहास कुठे आहे? इतिहास आहे, आणि तो टेक्सासाहून दोन हजार मैल पूर्वेला घडलेला आहे. तो सांगितल्याशिवाय या बुटाचे खरे नवल कळणार नाही.

अमेरिकेत कामगार संघटनेचा पाया जोडे शिवणाऱ्यांनी घातला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. फिलाडेल्फियातील मजुरीवर काम करणाऱ्या चर्मकारांनी 1794 साली आपली संघटना बांधली. 1805 साली त्यांनी मजुरीवाढीसाठी संप केला, तेव्हा त्यांच्यापैकी आठ जणांवर कटाचा खटला झाला. एकट्याने जास्त मजुरी मागणे गुन्हा नाही, पण दहांनी मिळून मागणे हा कट, असा तो न्याय. 1806 साली ते दोषी ठरले आणि प्रत्येकास आठ डॉलर दंड झाला. रक्कम लहान, पण तिची सावली छत्तीस वर्षे पुरली. 1842 साली बॉस्टनच्या बूट शिवणाऱ्यांच्या संघटनेच्या खटल्यात मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश लेम्युअल शॉ यांनी निर्णय दिला की कामगारांनी एकत्र येणे हा स्वतः गुन्हा नव्हे. श्रोतेहो, आज जगात जिथे जिथे कामगार सभासदवर्गणीची पावती फाडतो, तिथे त्या पावतीच्या मागे या बूट शिवणाऱ्यांची थोडी पुण्याई आहे, असे आम्ही मानतो.

हे लोक इतके जागे का होते? मॅसॅच्युसेट्समधील लिन गावी घराघरांच्या मागे दहा फूट लांब-रुंद खोपट्या असत. तिथे चारपाच जण बसून जोडे शिवीत. हात गुंतलेले, पण कान मोकळे. म्हणून एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी शिवता शिवता ऐकायचे व वाद घालायचे, अशी वहिवाट होती. आरी आणि अक्षर यांचे हे लग्न फार जुने आहे. याचा एक धागा थेट आपल्या मराठीपर्यंत येतो. इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये जोडे शिवणारा विल्यम केरी कामाशेजारी पुस्तक ठेवून भाषा शिकला, मिशनरी होऊन 1793 साली बंगालात आला, आणि पंडित वैजनाथ यांच्या साह्याने त्याने 1805 साली मराठीचे व्याकरण आणि 1810 साली मराठीचा कोश छापला. त्याच्या धर्मप्रचाराविषयी कोणाचे काही मत असो. पण आपल्या भाषेच्या व्याकरणाला एका जोडे शिवणाऱ्याचे हात लागले आहेत, ही गोष्ट वहाणेची म्हण सांगणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

त्या खोपट्यांवर यंत्राने घाला घातला. लायमन ब्लेक याने 1858 साली तळ शिवण्याच्या यंत्राचा हक्क मिळविला आणि मॅके याने ते कारखान्यांत पसरविले. 22 फेब्रुवारी 1860 रोजी लिनमध्ये संप सुरू झाला आणि न्यू इंग्लंडभर पसरून वीसएक हजार कामगार त्यात उतरले. 7 मार्च रोजी आठशे स्त्रिया बर्फातून मिरवणुकीने चालल्या. काही मालकांनी दर वाढविले, परंतु संघटना मान्य केली नाही. पुढे 1867 साली मिलवॉकी येथे ‘नाइट्स ऑफ सेंट क्रिस्पिन’ ही संघटना निघाली. क्रिस्पिन आणि क्रिस्पिनियन हे युरोपातल्या जोडे शिवणाऱ्यांचे संत. 25 ऑक्टोबर हा त्यांचा दिवस, आणि त्या दिवशी काम बंद ठेवून एकत्र जमण्याची चाल शेकडो वर्षांची. त्या संताच्या नावाने दोनतीन वर्षांत सुमारे पन्नास हजार कामगार एकवटले. स्त्रियांनी 1869 साली ‘डॉटर्स ऑफ सेंट क्रिस्पिन’ काढली.

या क्रिस्पिनांचा एक नियम मात्र विचार करण्याजोगा आहे. शाखेच्या परवानगीवाचून कोणा नवख्याला हे काम शिकवायचे नाही, अशी त्यांच्या सभासदांवर बंदी होती. त्यामागचा हेतू उघड आहे: विद्या आपल्याकडे राहील तर मजुरी टिकेल. पण यंत्राने त्या विद्येलाच वळसा घातला. 1870 साली नॉर्थ ॲडम्सच्या एका कारखानदाराने संप मोडण्यासाठी कॅलिफोर्नियातून पंचाहत्तर चिनी मजूर आणले. त्यांना जोड शिवण्याची विद्या ठाऊक नव्हती. काही महिन्यांत ते यंत्रावर काम करू लागले. क्रिस्पिनांनी दार बंद केले, आणि मालकाने भिंतच पाडली. 1870 चे दशक संपण्याआधी ती संघटना विस्कटली.

तरी एक काम माणसाकडे उरले होते: फर्म्यावर चामडे ओढून बसविणे. हे यंत्राला कधीच जमणार नाही असे ते काम करणारे छाती ठोकून सांगत. ते जमविले यान मॅट्झेलिगर या तरुणाने. हा सुरीनामचा, मायलेकांची सावळी कातडी. लिनमध्ये आला तेव्हा त्याला इंग्रजीही धड येत नव्हते. दिवसा कारखान्यात राबायचे, रात्री इंग्रजी आणि यंत्रविद्या शिकायची, आणि कामगारांच्या बोटांच्या हालचाली न्याहाळायच्या. 1883 साली त्याला यंत्राचा हक्क मिळाला. हाताने दिवसास पन्नास जोड बसत, तिथे हे यंत्र दीडशेपासून सातशेपर्यंत बसवी. जोडे स्वस्त झाले आणि गरिबाच्या पोराच्या पायात आले, हे खरे. पण संशोधक स्वतः 1889 साली क्षयाने वारला, अवघा छत्तीस वर्षांचा. आणि 1899 साली यंत्रांच्या कंपन्या एकत्र होऊन जी मोठी मक्तेदारी झाली, ती यंत्र विकीत नसे, भाड्याने देई. तेव्हा कारागिराचे हत्यार त्याच्या हातून गेले ते गेले, पण लहान कारखानदाराचेही हत्यार त्याचे राहिले नाही.

आता टेक्सासचे नवल समजेल. पूर्वेकडे हातकामाचा असा निकाल लागत असतानाच पश्चिमेकडे जस्टिन, लुकेझी आणि त्यांच्यासारखे शेकडो लहान कारागीर हाताने बूट शिवीत टिकून राहिले. का? आमच्या मते कारणे तीन. एक, गिऱ्हाइकाचा जीव त्या बुटावर अवलंबून होता, म्हणून त्याला माप हवे होते, साच्यातला माल नको होता. दुसरे, गिऱ्हाईक विखुरलेले होते. हजारो जोड एका ठिकाणी खपत नव्हते, म्हणून महागड्या यंत्राचे भाडे निघत नव्हते. तिसरे आणि मुख्य, हत्यारे कारागिराच्या मालकीची होती. रांपी, आरी, फर्मा आणि एखादे शिवणयंत्र घेऊन तो एका गावाहून उठून दुसऱ्या गावी बसू शके. जस्टिन तसा बसलाच.

परंतु यावरून, हातकाम टिकले म्हणजे कामगार सुखी झाला, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्याच्यासाठी बूट शिवायचा तो काउबॉयही मजूरच होता. 1883 च्या वसंतात टेक्सासच्या उत्तर टोकाला मोठमोठ्या गुरांच्या मळ्यांवरील काउबॉयांनी संप केला. सुमारे चाळीस डॉलरचे पन्नास डॉलर करा, अशी मागणी. चोवीस जणांनी तिच्यावर सह्या केल्या. चित्रपटांत हा संप कधी दिसला नाही. अडीच महिन्यांनी तो मोडला. कारण काम शोधणारे नवे गडी रोज येत होते आणि संपवाल्यांची शिल्लक खानावळींत व गुत्त्यांत संपून गेली होती. लिनच्या कारागिरांनी ज्या गोष्टी पन्नास वर्षांत शिकल्या, त्या या घोडेस्वारांना शिकायला एक मोसमही मिळाला नाही.

बूट शिवणाऱ्यांपुरते बोलायचे तर दुकानाच्या पुढच्या बाजूला मालकाचे नाव आणि मागच्या बाजूला कारागिराचे हात, ही रीत टेक्सासातही होती. ऑस्टिन शहरात चार्ली डन नावाचा कारागीर होता, जन्म 1898. लहानपणी कामाला बसला, आणि उतारवयापर्यंत दुसऱ्याच्या दुकानात मागच्या खोलीत शिवीत राहिला. 1972 साली जेरी जेफ वॉकर या गायकाने त्याच्यावर गाणे केले, आणि पुढल्या पाटीपलीकडे मागे बसलेला म्हातारा कोण हे लोकांना कळले. पुढे डनने स्वतःच्या नावाने काम मांडले, तरुण शिष्य तयार केले, आणि 1993 साली तो वारला. त्याचे दैव बरे म्हणून गाणे झाले. सीमेवरच्या एल पासोत आणि रिओ ग्रँडच्या खोऱ्यातल्या मर्सीडिस गावी ज्या शेकडो मेक्सिकन कारागिरांनी तळ बसविले, त्यांच्यावर कोणी गाणे केले नाही.

टेक्सासात 1947 साली असा कायदा झाला की नोकरीसाठी संघटनेचे सभासदत्व सक्तीचे करता येणार नाही. त्याला ‘कामाचा हक्क’ असे गोंडस नाव आहे. त्याने संघटनेचे हात दुबळे झाले. तरीही एल पासोतील पाटलोणींच्या कारखान्यात बहुतेक मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांनी 1972 ते 1974 असा संप लढविला आणि देशभर बहिष्कार पुकारून संघटनेला मान्यता मिळविली. बुटांच्या कारखान्यांचे भाग्य मात्र लाटेवर हेलकावत राहिले. 1980 साली एका चित्रपटाने शहरी लोकांत काउबॉयी पेहरावाचे वेड पसरविले. कारखाने दिवसरात्र चालले. चारपाच वर्षांत वेड ओसरले आणि छाटणी आली. 1994 साली मेक्सिकोशी खुल्या व्यापाराचा करार लागू झाला, आणि पुष्कळसे काम मेक्सिकोतील लिऑन शहराकडे गेले. ईनिड जस्टिन 1990 साली वारली होती. तिचा कारखाना 1981 सालीच भावांच्या घराण्याच्या कंपनीत परत मिळाला होता. 1999 साली नोकोना गावातला तो कारखाना बंद झाला. जिने गाव सोडले नाही, तिच्यामागे कारखान्याने गाव सोडले.

मग हातकामाचे काय झाले? इथे या कथेतील आम्हास सर्वांत बोधप्रद वाटणारा भाग येतो. कारखाने बंद पडत असताना एकटेदुकटे कारागीर मात्र पुन्हा वाढू लागले. त्यांनी एक गोष्ट जुन्या क्रिस्पिनांच्या उलट केली: विद्या उघडी केली. पूर्वी एका दुकानाचा कारागीर दुसऱ्या दुकानात पाऊल ठेवीत नसे. आपली बेतणी, आपला मेणाचा मसाला, बाप मुलालाही मरतेसमयी सांगे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या पिढीतले काही जण शिष्य घेऊ लागले. कोणी कृतीचे सारे टप्पे लिहून पुस्तक काढले. आणि मेळावे भरू लागले. टेक्सासात आधी ब्राउनवुड येथे आणि पुढे विचिता फॉल्स येथे बूट व खोगीर करणाऱ्यांचा ‘राउंडअप’ भरत आला आहे. गुरे वळवून एकत्र आणणे याला काउबॉय तो शब्द वापरी. कारागिरांनी तो आपल्या मेळाव्याला दिला. विचिता फॉल्स हे ठिकाण जुन्या स्पॅनिश फोर्ट आणि नोकोनापासून फार दूर नाही. उत्तरेकडे वायोमिंगमधील शेरिडन गावीही मे महिन्यात चामड्याच्या कामाचा असाच बाजार भरतो.

या मेळाव्यात काय चालते? चामड्याचे व्यापारी गठ्ठे उलगडून बसतात; फर्मे, दोरे, लाकडी चुका यांचे ढीग पडतात. बंद पडलेल्या दुरुस्तीच्या दुकानांतली जुनी यंत्रे आणि शेफील्डच्या किंवा न्यूअर्कच्या जुन्या कारखान्यांची हत्यारे हातोहात फिरतात. कारण तसली काही हत्यारे आज नवी मिळत नाहीत, आणि मेलेल्या कारागिराची हातोडी जिवंताच्या हाती गेल्याशिवाय काम पुढे जात नाही. स्पर्धेला बूट मांडतात. परीक्षक स्वतः कारागीर, ते इंचात किती टाके, चुणी कुठे, कडा सरळ का वाकडी, हे बोटांनी पाहतात. पण खरा मेळावा टेबलाभोवती असतो. टेक्सासचा म्हातारा दूरच्या राज्यातून आलेल्या मुलीला चिमटा कसा धरायचा ते दाखवितो. ज्या बोटांचे ज्ञान क्रिस्पिनांनी कुलपात ठेवले आणि मॅट्झेलिगरने यंत्रात उतरविले, ते इथे हातातून हातात फुकट जाते.

संघटनेचा माणूस म्हणून आम्ही इथे थांबून एक प्रश्न विचारतो. या मेळाव्यात विद्या आहे, स्नेह आहे, मान आहे. पण दर आहे काय? आजाऱ्याची तरतूद आहे काय? एकटा कारागीर आठवड्यास एक-दोन जोड शिवतो. गिऱ्हाइके महिनोन्‌महिने, कुठे कुठे वर्षदेखील वाट पाहतात. तरी हात दुखावला, डोळा अधू झाला, की उत्पन्न थांबते. तो स्वतःचा मालक आहे, म्हणून त्याच्याविरुद्ध संप करायलाही त्याच्यापाशी कोणी नाही. उलट क्रिस्पिनांपाशी दर होता, वर्गणी होती, लढण्याची जिद्द होती. पण विद्या वाटण्याची बुद्धी नव्हती. एकाने पोट सांभाळले आणि हुन्नर गमावला. दुसऱ्याने हुन्नर सांभाळला आणि पोट दैवावर सोडले.

या दोहोंपैकी एकच निवडावे लागेल असे आम्हास मुळीच वाटत नाही. फिलाडेल्फियाच्या त्या आठ जणांचा गुन्हा एवढाच होता की एकाच आरीने काम करणाऱ्यांनी एकत्र बसून आपल्या श्रमाची किंमत ठरविली. विचिता फॉल्सच्या टेबलाभोवती एकाच आरीने काम करणारे एकत्र बसतात आणि आपल्या श्रमाची विद्या वाटतात. बैठक एकच आहे. अर्धे काम तिथे झाले, अर्धे इथे. ज्या दिवशी कारागिरांची सभा एका बाजूस नवख्याला चिमटा धरायला शिकवील आणि दुसऱ्या बाजूस म्हाताऱ्याच्या दुखऱ्या हाताची सोय लावील, त्या दिवशी ती सभा पुरी होईल. आमच्या संघटनांतील मंडळींस आमचे हेच सांगणे असते की मागण्यांच्या यादीत पगाराबरोबर शिकविण्याचेही कलम घाला; आणि कारागिरांच्या मंडळांस सांगणे असते की प्रदर्शनाच्या मांडवात एक टेबल विम्याचे आणि दराचेही मांडा.

जोडीतला एक बूट कितीही सुंदर शिवला तरी त्याच्यावर कोणी चालत नाही. हुन्नर आणि हक्क यांचेही तसेच आहे.